एका नदीतले दोन शिंपले: डीएनएवरून प्रजातीची हद्द कशी ठरवायची

टेक्सासमधल्या ग्वाडलुप नदीच्या तळातून काढलेले दोन शिंपले तळहातावर शेजारी ठेवा. दोन्ही गोलसर, जाड कवचाचे, पिवळट-तपकिरी, मोठ्या लिंबाएवढे. एकाला ‘गोल्डन ऑर्ब’ म्हणत, दुसऱ्याला ‘टेक्सास पिंपलबॅक’. कुठला कोण हे सांगताना नदीत आयुष्य घालवलेली माणसंही अडखळतात. २०११ साली अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने मध्य टेक्सासमधल्या पाच शिंपल्यांना कायद्याचं संरक्षण हवं असं मान्य केलं, पण हाताशी आधीची कामं आहेत म्हणून यादीत घातलं नाही. त्या पाचांत ही दोन्ही नावं होती.

मग डीएनए तपासला गेला आणि चित्र उलटंपालटं झालं. गोल्डन ऑर्ब ही वेगळी प्रजाती नव्हतीच. सायक्लोनायस पुस्तुलोसा नावाच्या, दूरवर पसरलेल्या शिंपल्याचीच ती एक वस्ती निघाली. टेक्सास पिंपलबॅकचे मात्र दोन झाले. एक कोलोरॅडो नदीतला (ही टेक्सासची कोलोरॅडो, ग्रँड कॅन्यनवाली नव्हे) आणि दुसरा ग्वाडलुपमधला. या दुसऱ्याला २०१८ मध्ये सायक्लोनायस नेकी असं स्वतःचं नाव मिळालं. जून २०२४ मध्ये हे दोन्ही ‘संकटग्रस्त’ म्हणून कायद्याखाली आले. गोल्डन ऑर्ब त्या यादीत नाही.

म्हणजे एकाच पद्धतीने एक नाव पुसलं आणि एक नवं लिहिलं. हे काम नदीपासून नावापर्यंत कसं करायचं ते इथे पायरीपायरीने सांगते. वाचणाऱ्याने एकदा तरी पीसीआर लावलेला आहे, जेलवर बँड पाहिलेला आहे, असं धरून चालते.

कवचाने फसवलेली माणसं

शिंपला पाण्याप्रमाणे अंग बदलतो. एकाच जातीचे शिंपले वरच्या अंगाला, छोट्या ओढ्यात चपटे असतात आणि खाली मोठ्या पात्रात फुगीर होतात, हे शिंपल्यांचा अभ्यासक ऑर्टमनने १९२० मध्येच दाखवलं होतं. त्याआधीच्या शतकात मात्र कवच हाच पुरावा होता. फ्रान्समध्ये शंखशिंपल्यांचा अभ्यासक बूर्गिन्या आणि त्याच्या अनुयायांनी तळ्यातल्या अ‍ॅनोडोंटा शिंपल्यांना एवढी नावं दिली, की आज एकेका प्रजातीखाली शेकडो जुनी नावं गाडलेली आहेत. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या आयझॅक ली यांनी असाच सपाटा लावला होता. पुस्तुलोसा हे नाव त्यांनीच १८३१ मध्ये दिलं आणि गोल्डन ऑर्बचं ‘ऑरिया’ हेही त्यांनीच, १८५९ मध्ये. तेव्हा त्यांच्या हातात कवच होतं, आणि दुसरं काही असण्याची सोयच नव्हती.

प्रश्न कागदावर

‘या गटाची जेनेटिक्स करायची’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: ग्वाडलुपमधला पिंपलबॅक आणि कोलोरॅडोमधला पिंपलबॅक या एकाच वंशाच्या दोन वस्त्या आहेत, की दोन स्वतंत्र वंश? दोन्ही उत्तरं शक्य असली पाहिजेत आणि कुठल्या निकालावर तुम्ही कुठलं उत्तर मानणार हे आधीच लिहून ठेवायला हवं. निकाल समोर आल्यावर निकष ठरवणारा माणूस स्वतःलाच फसवतो.

सोबत एक तक्ता करा. गटात आजवर दिलेलं प्रत्येक नाव, मग ते आज ‘समानार्थी’ म्हणून बाद झालेलं का असेना. कुणी दिलं, कधी दिलं, मूळ नमुना कुठल्या नदीतला, तो आज कुठल्या संग्रहालयात आहे. हे काम रटाळ आहे आणि बहुतेक विद्यार्थी ते शेवटावर ढकलतात. पण तुमचा ‘नवा’ वंश जिथे सापडला तिथूनच १८५० च्या सुमारास कुणी नाव देऊन ठेवलं असेल, तर नवं नाव देण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

नमुने कुठून घ्यायचे

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. सॉफ्टवेअरची चूक एका रात्रीत दुरुस्त होते, नमुन्यांची चूक म्हणजे पुन्हा एक हंगाम.

आधी प्राण्याचं आयुष्य समजून घ्या. मादी ग्लोकिडिया नावाच्या सूक्ष्म अळ्या सोडते. त्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस-आठवडे तिथे काढतात आणि मग तळाशी गळून पडतात. पिंपलबॅकचे यजमान म्हणजे कॅटफिश, आपल्या शिंगाड्यासारखे मिशाळ मासे. मोठा शिंपला जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे त्याचा प्रवास म्हणजे माशाचा प्रवास. आणि टेक्सासच्या बऱ्याच मोठ्या नद्या एकमेकींना न भेटता वेगवेगळ्या वाटांनी मेक्सिकोच्या आखाताकडे जातात. गोड्या पाण्यातला मासा समुद्रातून पलीकडच्या नदीत जात नाही, म्हणून शिंपलाही जात नाही.

यातून एक सापळा तयार होतो. दोन नद्यांतल्या वस्त्या हजारो वर्षं तुटलेल्या असतील तर त्यांच्यात फरक सापडणारच. तो सापडला म्हणून दोन प्रजाती झाल्या असं होत नाही. दोन खेड्यांची बोली वेगळी असते म्हणून भाषा दोन होत नाहीत. सगळ्यात बळकट पुरावा एकाच नदीत मिळतो. ग्वाडलुपमध्ये पुस्तुलोसा आणि नेकी एकाच पात्रात राहतात. संकराची संधी रोज समोर असूनही दोन वंश वेगळेच राहत असतील, तर त्या हद्दीबद्दल वाद घालायला फारशी जागा उरत नाही. म्हणून अशी सामाईक ठिकाणं आधी शोधा आणि तिथून जास्त नमुने घ्या.

याखेरीज तीन ठिकाणं चुकवू नका: मूळ नमुना जिथला आहे ती जागा (प्रत्येक नावासाठी), पसाऱ्याची दोन्ही टोकं, आणि दोन संशयित प्रजातींच्या मधला पट्टा. फक्त टोकांचे नमुने घेतले की मधली सलग चढण दिसत नाही आणि दोन वेगळे ढीग पडल्यासारखे वाटतात. एका ठिकाणाहून आठ-दहा प्राणी ठीक आहेत. तीन ठिकाणांहून तीस-तीस घेण्यापेक्षा दहा ठिकाणांहून दहा-दहा घेणं मला केव्हाही पटतं. त्याच जीनसमधल्या (इथे सायक्लोनायस) दोन-तीन निर्विवाद प्रजातीही सोबत घ्या. त्या मोजपट्टी म्हणून लागतात.

परवानगी हातात आल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. संकटग्रस्त प्राण्याचं रिकामं कवच उचलणंही काही ठिकाणी गुन्हा ठरतो.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा

शिंपला मारायची गरज नसते. पाण्यातून काढून ओल्या फडक्यावर ठेवा, थोडा वेळ गप्प बसा. तो स्वतःहून फट उघडतो. त्या फटीत बोथट लाकडी खुंटी किंवा उलट उघडणारा चिमटा घालून अर्धा सेंटीमीटर एवढंच उघडं ठेवा. जोर लावून जास्त उघडलं तर कवच मिटणारे स्नायू फाटतात आणि परत सोडलेला प्राणी काही दिवसांत मरतो. कवचाला आतून चिकटलेला पातळ पडदा दिसतो, तो मॅन्टल. त्याच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निर्जंतुक कात्रीने घ्या. शेपटाकडची, पाणी आत-बाहेर करणाऱ्या नळ्यांजवळची कड सोडा. तुकडा नको असेल तर पायावरून कापसाचा बोळा फिरवूनही डीएनए मिळतो, पण पुढे जीनोमभर मार्कर काढायचे असतील तर तो सहसा पुरत नाही.

कल्ले फुगलेले दिसले तर ती अळ्यांनी भरलेली मादी समजा आणि तिला हात न लावता सोडा. धसक्याने ती सगळ्या अळ्या अकाली टाकते. परत सोडताना शिंपला पाण्यात भिरकावू नका. जिथून काढला तिथेच, मागचं टोक वर येईल असा, तळात अर्धा रोवा.

तुकडा ९५ टक्के किंवा त्याहून जास्त इथेनॉलमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला. बाजारातलं निळं-जांभळं स्पिरिट चालत नाही, फॉर्मेलिनचं तर नावही काढू नका. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई इथेनॉलमध्ये दोन दिवसांत पुसली जाते आणि मग तुमच्याकडे चाळीस निनावी तुकडे उरतात. प्रत्येक प्राण्याचे दोन्ही बाजूंनी, मोजपट्टीसकट फोटो काढा, जीपीएस नोंदवा. परवानगी असेल तर दर ठिकाणचा एखादा प्राणी संपूर्ण जपून संग्रहालयात द्या. पुढे कुणाला तुमच्यावर शंका घ्यायची असेल तर तिला हात लावता येईल अशी वस्तू असली पाहिजे.

बापाचा मायटोकाँड्रिया

मॅन्टलचाच तुकडा का, याला एक खास कारण आहे, आणि ते मी ठेच खाऊन शिकले. टेक्ससच्या नमुन्यांवर हात बसवत असताना इथेनॉलमधल्या एका जुन्या प्राण्याचा मऊ भाग मिळाला, तो पोटाकडून कापला. त्याच ठिकाणच्या बाकी सगळ्यांचा सीओआय हा मायटोकाँड्रियातला जीन जवळपास अक्षर न् अक्षर सारखा, आणि या एकाचा सुमारे तीस टक्के वेगळा. माणूस आणि उंदीर यांच्यातसुद्धा या जीनमध्ये एवढा फरक नसतो. मी दोन दिवस हवेत होते. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी स्क्रीनवर नजर टाकली आणि एवढंच विचारलं, की कुठून कापलंस? पोटातून म्हणजे जननग्रंथीतून, आणि प्राणी नर होता.

बहुतेक प्राण्यांत मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. गोड्या पाण्यातल्या अनेक शिंपल्यांत दोन वारसे चालतात. मादीचा प्रकार सगळ्या पिलांना मिळतो, आणि नर पिलांना वडिलांकडून आणखी एक प्रकार मिळतो जो मुख्यतः त्यांच्या जननग्रंथीत टिकतो. हे दोन प्रकार कोट्यवधी वर्षं वेगळे वाढत आले आहेत. म्हणून एकाच नराच्या अंगातले दोन मायटोकाँड्रिया दोन प्रजातींपेक्षा जास्त परके निघतात. वंशावळीच्या झाडावर असे सिक्वेन्स मिसळले की वेगळ्याच प्रजातींचं भूत उभं राहतं.

उपाय साधा आहे. तुकडा मॅन्टलचा किंवा पायाचा. प्रत्येक सिक्वेन्स डेटाबेसशी ताडून पाहा आणि जवळचा जुळणारा नोंदीत ‘नर-प्रकार’ म्हणून आहे का ते बघा. अचानक खूप वेगळा सिक्वेन्स आला की जल्लोषाआधी बाटलीतली चिठ्ठी वाचा. (नर-प्रकाराचाही अभ्यास होतो, पण मग तो वेगळा ठेवायचा, सरमिसळ करायची नाही.)

प्रयोगशाळेत

इथे थोडक्यात. शिंपल्याच्या ऊतीत बुळबुळीत शर्करा भरपूर असते. ती डीएनएसोबत येते आणि पीसीआर अडवते. तुकडा आधी टिपून इथेनॉल पूर्ण उडू द्या. किटने जमलं नाही तर सीटॅब (शर्करा वेगळी काढणारं रसायन) पद्धत वापरा, किंवा डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर बँड येणं ही अडथळ्याची खूणच असते. सीओआयसाठी फोल्मर यांचे १९९४ मधले प्रायमर जगभर चालतात, पण शिंपल्यांवर कधी ते रुसतात; शिंपल्यांसाठी सुधारलेले प्रायमर घ्या. सोबत एनडी१ हा दुसरा मायटोकाँड्रियल जीन आणि केंद्रकातला आयटीएस१. दर वेळी एक रिकामी, डीएनए नसलेली नळी लावायचीच.

सिक्वेन्स दोन्ही बाजूंनी वाचून जुळवा, मग अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियल संकेतानुसार प्रथिनात उलगडून पाहा. मध्येच थांबा-संकेत आला तर तुमच्या हातात खरा जीन नसून त्याची केंद्रकात पडलेली मृत नक्कल आहे, किंवा वाचनात चूक आहे.

पहिलं चित्र, आणि त्यावर न भाळणं

आता हॅप्लोटाइपचं (म्हणजे सिक्वेन्सच्या वेगवेगळ्या प्रकारांचं) जाळं काढा आणि वंशावळीचं झाड बांधा, त्यासाठी सॉफ्टवेअर आयक्यू-ट्री किंवा बीस्ट, काहीही. वस्तीच्या आतला फरक किती, दोन वस्त्यांमधला किती, आणि त्यांच्यात मोकळी जागा आहे का, हे पाहा. एबीजीडी, असॅप ही साधनं ती जागा शोधतात. जीएमवायसी आणि पीटीपी झाडाच्या फांद्यांच्या लांबीवरून गट पाडतात. तीन टक्क्यांच्या वर म्हणजे वेगळी प्रजाती, हा नियम कुठून तरी पसरला आहे. त्याला शिंपल्यांच्या बाबतीत काही आधार नाही. तुमची मोजपट्टी म्हणजे तुम्ही सोबत घेतलेल्या निर्विवाद प्रजाती.

टेक्ससच्या कामात गोल्डन ऑर्बला स्वतःची भक्कम फांदी मिळालीच नाही, पुस्तुलोसाच्या पसाऱ्यातच तो बसला. कोलोरॅडो आणि ग्वाडलुपचे पिंपलबॅक मात्र सरळ दोन फांद्यांवर गेले.

पण इथे थांबलात तर तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठताय. सगळा मायटोकाँड्रिया मिळून एकच धागा आहे. सीओआय आणि एनडी१ हे दोन साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराची दोन वाक्यं आहेत. जुन्या संकरातून एका प्रजातीचा मायटोकाँड्रिया दुसरीत शिरलेला असू शकतो. किंवा वंश एवढ्यात वेगळे झालेले असतात की जुनी अक्षरं अजून दोन्हीकडे शिल्लक आहेत. दोन्ही वेळा झाड ठामपणे चुकीचं सांगतं.

केंद्रकाची साक्ष

म्हणून केंद्रकातला डीएनए. आयटीएस१ हळू बदलतो आणि एकाच प्राण्यात त्याच्या अनेक प्रती असतात, तेव्हा त्याच्याकडून फार अपेक्षा नको. पैसे असतील तर डीडीरॅड करा: दोन एन्झाइमनी जीनोम कापून त्याचे हजारो छोटे तुकडे वाचायचे. नदीकाठी इथेनॉल बदलायचा कंटाळा केला असेल तर तो इथे भोवतो, कारण तुटलेला डीएनए या पद्धतीला चालत नाही.

हजारो मार्कर हाती आले की आधी प्राण्यांना नावं न देता पाहा. साधं पीसीए काढा, म्हणजे हजारो मार्करांतला फरक दोन-तीन अक्षांवर मांडणारा आलेख. ढीग पडतात का? मग स्ट्रक्चरसारख्या साधनाने प्रत्येक प्राण्याचा वारसा किती गटांत वाटला गेलाय ते बघा. सामाईक नदीतले प्राणी शंभर टक्के इकडचे किंवा तिकडचे असतील, मधले कुणीच नसतील, तर दोन वंशांत देवाणघेवाण बंद आहे. मधले प्राणी सापडत राहिले तर हद्द धूसर आहे, आणि तसंच लिहायचं.

याच्यापुढे बीपीपीसारखी सांख्यिकी प्रतिमानं येतात, जी अनेक जीनांची झाडं एकत्र तोलतात. त्यांचा एक खोडसाळ गुण सुकुमारन आणि नोल्स या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवला: वस्त्यांमधली प्रत्येक फूट त्यांना प्रजातीची हद्द वाटते. विदा (डेटा) जेवढी जास्त तेवढ्या जास्त ‘प्रजाती’. टेक्ससच्या तुटक नद्यांसारख्या ठिकाणी हा धोका दुप्पट. यावर जीडीआय हा दोन वंशांचं वेगळेपण मोजणारा आकडा मदतीला येतो: ०.२ च्या खाली एकच प्रजाती, ०.७ च्या वर दोन, आणि मधला सगळा पट्टा ‘सांगता येत नाही’. बहुतेक खरे शिंपले नेमके त्या मधल्या पट्ट्यात येऊन बसतात, हा माझा अनुभव. तेव्हा सुरुवातीची गृहीतकं बदलून तीन-चार वेळा चालवा. आकडा गृहीतकांसोबत नाचत असेल तर त्याच्यावर नाव बेतू नका.

पुन्हा कवच, पण उघड्या डोळ्यांनी

आता कवचाकडे परत या. फोटोंवरून आकार मोजा, आणि मोजणाऱ्याला डीएनएचा गट सांगू नका. माझ्या मते या पायरीवर सर्वांत जास्त लबाडी नकळत होते. वंशांमध्ये आकाराचा फरक सापडला तर आधी तपासा, की तो नदीच्या आकारामुळे तर नाही? ऑर्टमनचा नियम विसरू नका. अळीचा आकार, यजमान मासा, अळ्या सोडण्याचा हंगाम हेही पाहण्यासारखं. यजमान एकच निघाला म्हणून प्रजाती एकच ठरत नाही, पण यजमान वेगळे निघाले तर तो मोठा पुरावा.

मायटोकाँड्रिया, केंद्रक, शरीर आणि भूगोल यांतले किमान दोन स्वतंत्र पुरावे एकाच रेषेवर बोट ठेवत असतील तर हद्द आखा. नसतील तर ‘एकाच प्रजातीतले दोन वंश, संवर्धनासाठी वेगळे सांभाळावेत’ असं लिहा. अशा वाक्याला कमीपणा नाही. घाईने दिलेलं नाव सरकारी यादीत जातं, त्याच्यावर धरणांचं पाणी सोडण्याचे निर्णय होतात, आणि दहा वर्षांनी ते मागे घ्यावं लागलं की विरोधकांना आयतं कोलीत मिळतं.

नाव देण्याची वेळ आलीच तर तो सुरुवातीचा तक्ता काढा. वंशाच्या पसाऱ्यातून दिलेलं सर्वांत जुनं वैध नाव तेच त्याचं नाव. एकही नसेल तरच नवं, आणि मूळ नमुना संग्रहालयात जमा करून. सिक्वेन्स, नमुन्याचा क्रमांक आणि ठिकाण एकमेकांशी जोडून सार्वजनिक डेटाबेसमध्ये ठेवा.

आपल्या नद्या

महाराष्ट्रातून पाहिलं तर टेक्सस फार दूर नाही. सावित्री, वाशिष्ठी, मांडवी या सह्याद्रीवरून उतरून आपापल्या वाटेने अरबी समुद्राला मिळतात. घाटमाथ्याच्या पलीकडे गोदावरी आणि कृष्णा बंगालच्या उपसागराकडे वळतात. मध्ये पाणलोटाची धार. लॅमेलिडेन्स मार्जिनालिस हे लामार्कचं १८१९ मधलं नाव आणि पॅरेसिया कोरुगाटा हे म्युलरचं १७७४ मधलं, ही दोन्ही आपण देशभरच्या शिंपल्यांना सरसकट लावतो. घाटाच्या दोन बाजूंच्या वस्त्या एकच आहेत का, हा वर दिलेल्या पायऱ्यांनी तपासण्याजोगा सरळ प्रश्न आहे. नमुने किंवा त्यांचा डीएनए परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ आणि चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे नियम आधी वाचा.

एक अडचण मात्र आपल्याकडची खास आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ज्या शिंपल्यांवर मोतीपालनाचं तंत्र बसवलं, ते हेच: मार्जिनालिस, कोरुगाटा आणि लॅमेलिडेन्समधलीच तिसरी, कोरियानस. आता शेततळ्यात मोती काढणारा शेतकरी शिंपले जिथे मिळतील तिथून आणतो, आणि पावसाळ्यात तळं फुटलं की ते ओढ्याला लागतात. तेव्हा नमुना घेताना आसपास मोतीशेती आहे का ते विचारा. असेल तर त्या शेतकऱ्याला शिंपले कुठून आणले तेही विचारा, आणि त्याचं उत्तर बाटलीतल्या चिठ्ठीवर नदीच्या नावाखाली लिहा, पेन्सिलनेच.